अमेरिकी राखीव नौदलातील अधिकारीपदासाठी शिफारसपत्रे : कोणाकडून घ्यावीत आणि त्यांत काय असावे?

तापीकाठ

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी मूळचा जळगाव जिल्ह्यातला. सध्या न्यू जर्सीत एका औषधनिर्मिती कंपनीच्या पुरवठा विभागात नोकरी करतो. अमेरिकी नागरिकत्व मिळाल्यानंतर येथील राखीव नौदलाच्या सप्लाय कोअरमध्ये, म्हणजे पुरवठा शाखेत, थेट कमिशनसाठी (नागरी व्यवसायातून थेट अधिकारीपदासाठी) अर्ज करण्याचे ठरवले असून अधिकारी भरतीचे काम पाहणाऱ्या रिक्रूटरशी प्राथमिक बोलणेही झाले आहे. योग्यता चाचणी, हेतुनिवेदन, मुलाखती, वैद्यकीय तपासणी यांची माहिती शोधली की मिळते. शिफारसपत्रांविषयी मात्र "चांगली पत्रे आणा" यापलीकडे कोणी काही सांगत नाही.

माझ्यासमोर पाच नावे आहेत. पहिले आमच्या कंपनीच्या उपाध्यक्षांचे. त्यांची माझी भेट एक-दोन बैठकांपुरतीच झाली आहे, परंतु त्यांच्या पदाला वजन आहे. दुसरे येथील महाराष्ट्र मंडळाच्या माजी अध्यक्षांचे. ते नामांकित हृदयरोगतज्ज्ञ असून आमच्या कुटुंबाला अनेक वर्षांपासून ओळखतात. तिसरे माझ्या मावसकाकांचे, जे भारतीय सेनेतून कर्नल म्हणून निवृत्त होऊन पुण्यात राहतात. चौथे माझ्या थेट व्यवस्थापकाचे; पण राखीव दलात जाण्याचा विचार त्याच्या कानावर घालावा की नाही, याविषयी मन साशंक आहे. पाचवे आमच्या गावातल्या स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकाच्या प्रमुख बाईंचे. मी शनिवार-रविवारी त्या पथकात काम करतो.

यांपैकी कोणाची पत्रे घ्यावीत आणि त्यांना नेमके काय लिहायला सांगावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

दर्यावर्दी

तापीकाठ, तुमचा निर्णय वाचून मनापासून आनंद झाला. मी राखीव नौदलात अधिकारी आहे आणि अर्जदारांच्या मुलाखती घेण्याचे काम अधूनमधून माझ्याकडे येते. येथे लिहितो ते माझे व्यक्तिगत मत समजावे. पत्रे किती, कोणत्या नमुन्यात आणि कधीपर्यंत द्यायची हे शाखेनुसार बदलते, म्हणून त्या बाबतीत तुमच्या शाखेच्या भरतीच्या अटी सांगणारे 'प्रोग्रॅम ऑथोरायझेशन' हे कागदपत्र आणि तुमचा रिक्रूटर यांचाच शब्द प्रमाण मानावा. तो रिक्रूटर अधिकारी भरतीचाच आहे याची तुम्ही खात्री केली आहे, हे बरे झाले. नाविक भरतीच्या कार्यालयात जाऊन महिनोन्महिने घालवलेले अर्जदार मी पाहिले आहेत.

आधी हे लक्षात घ्या की निवड मंडळ तुम्हाला भेटत नाही. मंडळासमोर तुमच्या नावाचा एक संच येतो. त्यात पदवीच्या गुणपत्रिका, २० ते ८० या पट्टीवर मोजला जाणारा 'ओएआर' या योग्यता चाचणीचा गुण, नोकरीचा तपशील, तुमचे हेतुनिवेदन, मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी भरलेले मूल्यांकन आणि शिफारसपत्रे असतात. हे सर्व वाचून त्या शाखेचे अधिकारी तुमची व्यावसायिक शिफारस करायची की नाही ते ठरवतात. आता या संचातले कागद एकेक करून पाहा. गुणपत्रिका तुमच्या विद्यार्थिदशेविषयी बोलते, हेतुनिवेदनात तुम्ही स्वतःविषयी बोलता, आणि माझ्यासारखा मुलाखत घेणारा अधिकारी तासाभराच्या ओळखीवर मत देतो. ज्याने तुम्हाला वर्षानुवर्षे काम करताना, थकलेले असताना, अडचणीत निर्णय घेताना पाहिले आहे, अशा माणसाचा आवाज केवळ शिफारसपत्रातूनच मंडळापर्यंत पोहोचतो. म्हणून ती जागा केवळ ओळखीच्या मोठ्या नावावर खर्च करणे मला मोठे नुकसान वाटते.

आपल्याकडच्या लोकांच्या बाबतीत एक अडचण वारंवार दिसते. महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्या पिढीने शाळा-कॉलेजात असताना राजपत्रित अधिकाऱ्याकडून चारित्र्याचा दाखला आणलेला असतो. "मी यांना गेल्या पाच वर्षांपासून ओळखतो व माझ्या माहितीप्रमाणे त्यांची वर्तणूक चांगली आहे" असा एका परिच्छेदाचा मजकूर, खाली सही आणि गोल शिक्का. त्या दाखल्याचे सगळे मोल शिक्क्यात असते. सही करणारा आपल्याला ओळखतो की नाही, याला फारसा अर्थ नसतो. शिफारसपत्र म्हटले की नकळत तेच चित्र मनात उभे राहते आणि आपण सर्वांत मोठा शिक्का शोधू लागतो. अमेरिकी निवड मंडळाची अपेक्षा अगदी वेगळी आहे.

ती का वेगळी आहे, हे नौदलातील अधिकाऱ्यांच्या वार्षिक मूल्यांकनावरून समजते. त्याला 'फिटनेस रिपोर्ट' म्हणतात आणि बोलण्यात 'फिटरेप'. त्यात निरनिराळ्या गुणांना १.० ते ५.० असे अंक दिले जातात आणि शेवटी बढतीच्या शिफारशीची श्रेणी असते, जिच्या वरच्या पायऱ्या 'प्रमोटेबल', 'मस्ट प्रमोट' आणि सर्वांत वरची 'अर्ली प्रमोट' अशा आहेत. वरची श्रेणी किती जणांना द्यावी यावर मर्यादा असल्यामुळे वरिष्ठ अधिकारी मजकुरात तुलना लिहितात : "माझ्या हाताखालील बारा लेफ्टनंटांमध्ये हा पहिला." मंडळावर बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याची स्वतःची कारकीर्द असल्या ओळींवर ठरलेली असते आणि त्याने इतरांविषयी असल्या ओळी लिहिलेल्याही असतात. त्यामुळे त्याची नजर विशेषणांवरून सरळ पुढे सरकते आणि दोन गोष्टींपाशी थांबते. लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष काय पाहिले? आणि किती माणसांमध्ये हा अर्जदार कितवा? "अत्यंत कष्टाळू आणि प्रामाणिक" हे शब्द त्याने इतक्या वेळा वाचलेले असतात की त्यांतून त्याला काहीच कळत नाही. "गेल्या पंधरा वर्षांत माझ्या हाताखाली सुमारे साठ विश्लेषक काम करून गेले, त्यांतील पहिल्या तिघांत मी यांना ठेवीन" या एका वाक्यातून मात्र पुष्कळ कळते.

आता तुमच्या पाच नावांविषयी. माझ्या मते तुमच्या यादीतील सर्वांत मोलाचे नाव तुम्ही सर्वांत शेवटी लिहिले आहे. रुग्णवाहिका पथकाच्या प्रमुख बाईंनी तुम्हाला रात्री-अपरात्री, अपुऱ्या माहितीवर, अनोळखी माणसांच्या घरात शिरून काम करताना पाहिले आहे. पगार नसताना तुम्ही ठरलेल्या वेळी हजर राहता की नाही, हे त्यांना माहीत आहे. राखीव दलात महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले साधारण दोन आठवडे द्यावे लागतात, आणि हा माणूस दोन वर्षांनी कंटाळून सोडून तर जाणार नाही ना, ही मंडळाची रास्त शंका असते. त्या शंकेचे उत्तर त्या बाईंच्या पत्रातच आहे. दुसरे पत्र तुमच्या थेट व्यवस्थापकाचे घ्यावे, कारण सप्लाय कोअरला तुमच्याकडून जे काम हवे आहे तेच तुम्ही त्याच्या हाताखाली करता. उपाध्यक्षांचे पत्र तूर्त बाजूला ठेवावे. व्यवस्थापकाने लिहिलेला मजकूर वाचून, एखाद्या विशिष्ट प्रकल्पात तुमचे काम स्वतः पाहिले असल्यास त्याविषयी चार ओळी लिहायची त्यांची तयारी असेल, तर पुन्हा विचार करता येईल.

महाराष्ट्र मंडळाच्या माजी अध्यक्षांविषयी मला आदर आहे, परंतु त्यांनी तुम्हाला एखादी जबाबदारी पार पाडताना पाहिले आहे का, हा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. गणेशोत्सवात दोनशे-तीनशे माणसांच्या भोजनाची खरेदी, हिशेब आणि स्वयंसेवकांची फळी तुम्ही सांभाळली असेल आणि ते त्यांनी जवळून पाहिले असेल, तर ते सप्लाय कोअरच्या दृष्टीने उत्तम पत्र ठरेल. केवळ घरोबा असेल तर नको.

मावसकाकांचे पत्र घेऊ नये. ते नातेवाईक आहेत आणि आडनाव वेगळे असल्यामुळे नाते लपेल असा विचारही मनात आणू नये.

शुश्रूषा

दर्यावर्दी यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी परिचारिका असून वैद्यकीय बाजूने अर्ज केला होता. आमच्याकडे बहुधा कामावरील थेट वरिष्ठांचे मत अपेक्षित असते. माझ्या वॉर्डच्या चार्ज नर्सने लिहिलेले पत्र जेमतेम एका पानाचे होते, पण त्यात एकाच रात्रीचा प्रसंग क्रमाने मांडला होता : माणसे कमी असताना मी कोणत्या रुग्णाकडे आधी गेले, कोणाला कोणते काम सोपवले आणि डॉक्टरांना केव्हा उठवले. मुलाखतीत माझ्याशी त्या प्रसंगावरच सर्वांत जास्त बोलणे झाले. पत्र असे असावे की वाचणाऱ्याला त्यावरून पुढचा प्रश्न सुचावा.

कृष्णातीर

मी येथील एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे आणि दरवर्षी अशी पत्रे लिहिण्याची किंवा इतरांनी लिहिलेली तपासण्याची वेळ माझ्यावर येते, म्हणून पत्र लिहिणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगते.

तुमच्या व्यवस्थापकाला पत्र मागण्यापूर्वी कंपनीचे धोरण पाहा. अमेरिकेतील पुष्कळ कंपन्या माजी किंवा विद्यमान कर्मचाऱ्याविषयी केवळ पद आणि नोकरीच्या तारखा यांनाच अधिकृत दुजोरा देतात. कंपनीच्या लेटरहेडवर मत व्यक्त करण्यास त्या मनाई करतात. अशा वेळी व्यवस्थापक स्वतःच्या साध्या कागदावर, "हे माझे व्यक्तिगत मत आहे" असे नमूद करून लिहू शकतो. पदनाम आणि तुमच्याशी असलेले कामाचे नाते मजकुरात स्पष्ट आले की लेटरहेड नसल्याने फारसे बिघडत नाही.

व्यवस्थापकाला सांगावे की नाही, ही तुमची चिंता समजू शकते. १९९४ चा 'युसेरा' हा कायदा सेवेत असलेल्यांना तर संरक्षण देतोच, शिवाय सेवेसाठी अर्ज करणाऱ्यांनाही देतो. अर्ज केला या कारणावरून नोकरी, बढती किंवा अन्य लाभ नाकारणे बेकायदा आहे. कायदा पाठीशी आहे म्हणून मने आपोआप जुळत नाहीत, हेही खरे. तरीही तुम्ही महिन्यातून एकदा आणि वर्षातून दोन आठवडे अनुपस्थित राहणार आहात आणि पुढे कधी सक्रिय सेवेसाठी बोलावणेही येऊ शकते, हे व्यवस्थापकाला आज ना उद्या कळणारच आहे. ते त्याला तुमच्याकडून, वेळेवर आणि आदराने कळावे. बोलताना कायद्याने सुरुवात करू नये. तुम्हाला हे का करायचे आहे ते सांगावे आणि मग मदत मागावी.

मागण्याची रीतही महत्त्वाची आहे. "मला पत्र द्याल का?" असे विचारले की बहुतेक लोक संकोचाने होकार देतात आणि मग कोमट पत्र लिहितात. "माझे काम पाहून, मनापासून आणि ठोस उदाहरणांसह लिहिता येईल असे तुम्हाला वाटते का? तसे वाटत नसेल तर स्पष्ट सांगावे, मला वाईट वाटणार नाही" असे विचारावे. नकार देण्याची वाट मोकळी ठेवली की होकाराला अर्थ येतो. किमान चार ते सहा आठवडे आधी सांगावे आणि ज्या तारखेला रिक्रूटरला संच द्यायचा आहे, तिच्या दहा-बारा दिवस आधीची तारीख कळवावी.

तापीकाठ

दर्यावर्दी, शुश्रूषाताई, कृष्णातीरताई, तिघांचेही मनःपूर्वक आभार. व्यवस्थापकाशी बोललो आणि त्याने अपेक्षेपेक्षा फार चांगला प्रतिसाद दिला; त्याचे वडील नौदलात होते हे मला प्रथमच कळले. मात्र तो म्हणाला, "मला वेळ कमी आहे, तूच मसुदा लिहून दे, मी सही करतो." रुग्णवाहिका पथकाच्या बाईंनीही लिहिण्याची सवय नसल्याचे सांगितले. अशा वेळी स्वतः मसुदा लिहून देणे योग्य आहे का?

दर्यावर्दी

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक अर्जदारासमोर येतो आणि माझे उत्तर स्पष्ट आहे : मसुदा लिहून देऊ नये.

पहिले कारण सचोटीचे आहे. सन्मान, धैर्य आणि बांधिलकी ही या नौदलाची घोषित मूल्ये आहेत, आणि त्याच नौदलात प्रवेश करताना दुसऱ्याच्या नावाने स्वतःची स्तुती लिहिणे मला पटत नाही. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. एकाच माणसाने लिहिलेली तीन पत्रे एका संचात शेजारी ठेवली की ती ओळखू येतात. वाक्यांची लांबी, लाडके शब्द, एवढेच काय, स्वल्पविरामाच्या सवयीही सारख्या असतात. शिवाय आपण स्वतःविषयी लिहितो तेव्हा एक तर फार फुगवतो किंवा, आपल्या संस्कारांमुळे, फार हात राखून लिहितो. बाहेरच्या माणसाला आपल्यात जे ठळकपणे दिसते ते आपल्याला बहुधा दिसतच नाही.

परंतु लिहिणाऱ्याला मदत करणे हे तुमचे कर्तव्यच आहे, आणि तेथे कसलाही संकोच करू नये. एका पानाचे टिपण तयार करावे. त्यात सप्लाय कोअरचा अधिकारी काय काम करतो ते चार ओळींत असावे, कारण नागरी माणसाला ते ठाऊक नसते. जहाजावरचे सुटे भाग, इंधन, अन्न, पगार, खरेदीचे करार असे सांगितले की तुमच्या व्यवस्थापकाला आपले काम त्यात लगेच दिसेल. मग त्याने स्वतः पाहिलेल्या तीन-चार प्रसंगांची नुसती आठवण करून द्यावी, तारीख आणि आकड्यांसह, पण निष्कर्ष न काढता. "मार्चमधील शीतगृहाचा बिघाड" एवढे लिहावे. "ज्यात मी असामान्य नेतृत्व दाखवले" हे लिहू नये. ते त्याने ठरवायचे आहे. सोबत तुमचे हेतुनिवेदन आणि कामाचा तपशील द्यावा, म्हणजे तुमच्या आणि त्याच्या कागदांत तारखांची विसंगती राहणार नाही. अशी विसंगती हा अगदी चांगल्या अर्जांतही आढळणारा दोष आहे.

बाईंना लिहिण्याची सवय नसेल तर त्यांच्यासमोर बसून प्रश्न विचारावेत असे वाटेल, पण तेही तुम्ही करू नये. पथकातील दुसऱ्या कोणाला विनंती करावी. त्यांनी साध्या, तुटक वाक्यांत लिहिले तरी चालेल. पन्नास-साठ स्वयंसेवकांचे पथक वर्षानुवर्षे चालवणाऱ्या बाईंची साधी वाक्ये मंडळावरच्या अधिकाऱ्याला चटकन विश्वासार्ह वाटतील, कारण तेही माणसे सांभाळणारे लोक आहेत.

फरक स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण देतो. पत्रे अर्थातच इंग्रजीत असतील. येथे आशय मराठीत मांडतो. नेहमीचे पत्र असे असते :

"हे आमच्या विभागातील अत्यंत मेहनती व प्रामाणिक कर्मचारी आहेत. त्यांच्यात उत्तम नेतृत्वगुण असून ते सर्वांशी मिळून मिसळून वागतात. ते नौदलासाठी मोठी ठेव ठरतील याची मला खात्री वाटते."

यातील एकही शब्द खोटा नाही आणि तरीही हे पत्र कोणाविषयीही लिहिता आले असते. आता दुसरे :

"मी सहा वर्षे यांचा थेट वरिष्ठ आहे आणि त्यांची चार वार्षिक मूल्यमापने मी स्वतः लिहिली आहेत. मार्चमधील वादळाच्या रात्री आमच्या शीतगृहाचा वीजपुरवठा खंडित झाला तेव्हा मी प्रवासात होतो आणि माझा फोन लागत नव्हता. उपलब्ध जनित्र संपूर्ण साठ्याला पुरणार नाही हे ओळखून कोणता माल वाचवायचा आणि कोणता सोडायचा हे त्यांनी वीस मिनिटांत ठरवले, आठ कामगारांना कामे वाटून दिली आणि निर्णयाची कारणे लेखी नोंदवून ठेवली. सकाळी मला त्यांचा पहिला निरोप आला तो सोडून द्याव्या लागलेल्या मालाविषयी होता. वाचवलेल्या मालाची माहिती त्यांनी नंतर दिली. माझ्या हाताखाली आजवर काम केलेल्या सुमारे चाळीस जणांमध्ये अशा रात्री ज्यांच्यावर मी विसंबून राहीन असे दोघे आहेत. हे त्यांपैकी एक. अधिकारी म्हणून यांची मी कोणत्याही अटीविना शिफारस करतो."

नुकसानीची बातमी आधी सांगणे हा तपशील पाहा. वाईट बातमी वरिष्ठांना ताबडतोब आणि स्वतःहून देणे ही लष्करी जीवनातील मूलभूत अपेक्षा आहे. असा तपशील अर्जदाराला स्वतःविषयी लिहायला सुचणे कठीण. तो पाहणाऱ्यालाच सुचतो. पत्र एका पानात बसावे, त्यावर तारीख, सही आणि लिहिणाऱ्याचा संपर्क असावा, आणि शिफारसीचे वाक्य निःसंदिग्ध असावे. "संधी मिळाल्यास ते चांगले काम करू शकतील असे वाटते" अशा वाक्याला लष्करी वाचक नकारच समजतो.

निवृत्त फौजी

नमस्कार. मी भारतीय सेनेतून निवृत्त झालो असून पुण्यात राहतो. चर्चा वाचताना दोन पद्धतींतील अंतर प्रकर्षाने जाणवले. आपल्याकडे प्रादेशिक सेनेत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत, अधिकारी व्हायचे असेल तर शिफारसपत्रांना स्थान नाही. उमेदवार पदवीधर आणि अर्थार्जन करणारा नागरिक असावा लागतो, वय १८ ते ४२ च्या दरम्यान असावे लागते, आणि मग लेखी परीक्षा, मुलाखत, सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड व वैद्यकीय तपासणी अशी चाळणी असते. आपले सिलेक्शन बोर्ड उमेदवाराला अनेक दिवस आपल्या नजरेखाली ठेवते. मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्ये आणि मुलाखत यांतून मंडळ स्वतःच साक्षीदार होते. अमेरिकी मंडळ हे साक्षीचे काम उमेदवाराच्या वरिष्ठांवर आणि सहकाऱ्यांवर सोपवते, असा याचा अर्थ मी घेतो, आणि तसे पाहिले म्हणजे दर्यावर्दी यांचे म्हणणे पूर्णपणे पटते.

तापीकाठ, तुमच्या मावसकाकांविषयी एक शब्द. कर्नलपदावरील माणसाला आपले पत्र नको असल्याचे सांगणे तुम्हाला जड जाईल, पण त्यांच्याकडे मागण्यासारखे दुसरे काही आहे. मुलाखतीची तयारी त्यांच्याकडून करून घ्या. शेकडो तरुण अधिकारी ज्यांच्या नजरेखालून गेले आहेत, ते तासाभरात तुमच्या उत्तरांतील पोकळ जागा दाखवतील.

खाडीपलीकडे

एक उपप्रश्न. माझ्या मुलीला एका सेवानिवृत्त अॅडमिरलांचे पत्र ओळखीतून मिळू शकते आणि आमच्या भागाच्या काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्यांच्या कार्यालयातूनही. ती राखीव नौदलाच्या गुप्तवार्ता शाखेसाठी अर्ज करत आहे. अशी पत्रे जोडावीत का?

दर्यावर्दी

अॅडमिरलांनी तिच्यासोबत काम केले असेल तर अवश्य जोडावे. केवळ ओळखीतून मिळत असेल तर जोडू नये. "मी या तरुणीला भेटलो आणि ती मला हुशार वाटली" असे अॅडमिरलांचे पत्र मंडळाला काहीच नवीन सांगत नाही, उलट तिला स्वतःला ओळखणारे कोणी मिळाले नाही का, असा प्रश्न उभा राहतो. हा केवळ अभिरुचीचा भाग नाही. सेवेत असलेल्या संघराज्य कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या नीतिनियमांनुसार, अधिकृत पदनाम वापरून शिफारस करायची असेल तर ती अर्जदाराच्या क्षमतेविषयी किंवा चारित्र्याविषयी असलेल्या प्रत्यक्ष व्यक्तिगत माहितीवर आधारलेली असावी लागते. निवृत्तांना तो नियम तसाच लागू नसला तरी वाचणाऱ्यांची सवय त्याच नियमाने घडलेली आहे.

काँग्रेस सदस्यांविषयी गैरसमज होण्याचे कारण अॅनापोलिस येथील नौदलाची आणि वेस्ट पॉइंट येथील लष्कराची अशा अधिकारी घडवणाऱ्या अकादम्या आहेत. तेथील प्रवेशासाठी काँग्रेस सदस्यांचे नामांकन ही प्रवेशप्रक्रियेची औपचारिक पायरी असते. थेट कमिशनच्या अर्जात तशी पायरी नाही. तुमची मुलगी त्यांच्या कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून राहिली असेल तर तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचे पत्र घ्यावे.

गुप्तवार्ता शाखेसाठी आणखी एक सूचना. पत्रातील प्रसंग तिच्या विचारपद्धतीवर प्रकाश टाकणारा असावा : अपुरी, परस्परविरोधी माहिती समोर असताना तिने कोणता निष्कर्ष काढला, किती खात्रीने मांडला आणि नवीन माहिती आल्यावर तो बदलला का. तिच्या प्राध्यापकांनी किंवा वरिष्ठांनी हे पाहिले असेल तर त्यांना तेवढेच लिहायला सांगावे.

शुश्रूषा

येथे एक गोंधळ आधीच दूर केलेला बरा. सुरक्षा तपासणीच्या 'एसएफ-८६' अर्जात तुम्हाला चांगले ओळखणाऱ्या तीन व्यक्तींची नावे द्यावी लागतात आणि त्या तिघांच्या ओळखीने मिळून किमान मागील सात वर्षे व्यापली जावी लागतात. त्यात नातेवाईक चालत नाहीत. ती नावे आणि शिफारसपत्रे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. तेथे पत्र लागत नाही, तपासनीस स्वतः त्या व्यक्तींशी बोलू शकतात. महाराष्ट्र मंडळातील स्नेही किंवा जुने शेजारी, ज्यांचे पत्र संचात बसत नाही, अशांचे नाव येथे उपयोगी पडते. त्याच अर्जात भारतातील नातेवाईक, परदेशी व्यक्तींशी असलेले घनिष्ठ संबंध आणि परदेश प्रवास यांचीही माहिती द्यावी लागते. आपल्यासारख्यांची ती यादी लांबच असते. ती पूर्ण आणि खरी द्यावी.

कृष्णातीर

विषयाला धरून, पण थोडे बाजूचे : ज्यांच्याकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे किंवा पुढे घ्यायचे आहे, त्यांनी पत्रांच्या मागे लागण्यापूर्वीच याचा विचार करावा. भारताच्या गृहमंत्रालयाच्या भूमिकेप्रमाणे परदेशी सैन्यातील सेवेत असलेल्या किंवा निवृत्त व्यक्ती ओसीआयसाठी पात्र नसतात. घरी आई-वडील एकटे असतील आणि भारतात वारंवार जावे लागत असेल, तर आपल्या बाबतीत याचा काय परिणाम होईल हे वकिलातीकडून लेखी जाणून घ्यावे आणि मगच इतरांना आपल्यासाठी लिहिण्याचे कष्ट द्यावेत.

तापीकाठ

कृष्णातीरताई, हा मुद्दा घरी सविस्तर बोलून झाला आहे आणि पत्नीचा व आई-वडिलांचा पाठिंबा आहे. व्यवस्थापकाला एका पानाचे टिपण दिले. त्याने आता स्वतः लिहायचे मान्य केले आहे. बाईंसाठी पथकातील एक निवृत्त शिक्षिका मदत करणार आहेत. तिसरे पत्र गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांकडून घ्यावे असे वाटते, कारण शीतगृहाच्या एका प्रकरणात आमचे तीव्र मतभेद झाले होते आणि शेवटी आम्ही दोघांनी मिळून मार्ग काढला. मतभेद झालेल्या व्यक्तीकडे पत्र मागणे शहाणपणाचे ठरेल का? आणि या वेळी मंडळाने शिफारस केली नाही, तर तीच पत्रे पुढच्या वेळी वापरता येतील का?

दर्यावर्दी

गुणवत्ता विभागाच्या प्रमुखांकडे अवश्य मागावे, आणि मतभेदाचा उल्लेख पत्रात आला तरी चालेल, हे त्यांना तुम्हीच सांगावे. जो माणूस तुमच्याशी भांडून नंतर तुमच्यासाठी सही करतो, त्याच्या शब्दावर मंडळ अधिक विश्वास ठेवते. जहाजावर सप्लाय अधिकाऱ्याला दररोज कोणाला ना कोणाला नाही म्हणावे लागते आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसासोबत काम करावे लागते.

दुसऱ्या प्रश्नाविषयी : शिफारस झाली नाही तर पुन्हा अर्ज करता येतो आणि अनेक चांगले अधिकारी पहिल्या खेपेस निवडले गेलेले नाहीत. जुनी तारीख असलेले पत्र तसेच पाठवू नये. त्याच व्यक्तीला मधल्या काळातील एखादी नवीन घटना जोडून आणि नवीन तारीख घालून सही करण्याची विनंती करावी. "मागील पत्रानंतर यांच्याकडे आणखी पाच जणांची जबाबदारी आली" अशी एक ओळ आली तरी मंडळाला तुमची वाढ दिसते. तिघांपैकी ज्याचे पत्र सर्वांत मोघम वाटले असेल, तेवढे एक बदलावे. आणि पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला निकाल, तो कोणताही असो, तुम्ही स्वतः फोन करून कळवावा. पुढच्या वेळी त्यांनाच पुन्हा लिहायचे आहे.